हॅरल्ड हेस्टिंग्जला का हरला, आणि एका लढाईत इंग्लंड का गेले

इंग्लंडच्या इतिहासात १४ ऑक्टोबर १०६६ इतकी ठळक तारीख क्वचितच दुसरी असेल. त्या शनिवारी ससेक्समधील एका टेकडीवर इंग्रजांचा राजा हॅरल्ड गॉडविन्सन मारला गेला आणि फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने लढाई जिंकली. त्यानंतर सुमारे दहा आठवड्यांनी, नाताळच्या दिवशी, वेस्टमिन्स्टर ॲबीत विल्यमचा राज्याभिषेक झाला. या घटनेविषयी वाचताना दोन प्रश्न एकमेकांत मिसळून जातात. हॅरल्ड ती लढाई का हरला, हा पहिला प्रश्न. आणि त्या एका पराभवाने सगळे राज्यच कसे गेले, हा दुसरा. मध्ययुगातले राजे लढाया हरत, एखाद्या तटबंदीच्या आश्रयाला जात आणि पुढच्या हंगामात नवी फौज घेऊन पुन्हा उभे राहत. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर सांगितले की दुसऱ्याचेही मिळाले, असे होत नाही.

सुरुवात गादीच्या वादापासून करावी लागते. ५ जानेवारी १०६६ रोजी राजा एडवर्ड मरण पावला. त्याला मूलबाळ नव्हते. राजाच्या थोरल्या मुलाने गादीवर बसावे असा पक्का नियम तेव्हाच्या इंग्लंडमध्ये नव्हताच. राजघराण्याचे रक्त, आधीच्या राजाने बोलून दाखवलेली इच्छा, ‘विटान’ म्हणजे प्रमुख सरदार आणि बिशप यांच्या सभेची मान्यता आणि शेवटी आर्चबिशपच्या हातून होणारा अभिषेक, अशा चार गोष्टींच्या बळावर माणूस राजा ठरत असे. त्या चारही एकाच माणसाच्या बाजूने असल्या की प्रश्न येत नसे. त्या वेगवेगळ्या माणसांच्या पदरात पडल्या तर कोणती वरचढ मानायची, हे मात्र कुठेही लिहिलेले नव्हते, आणि १०६६ मध्ये नेमके तेच घडले.

रक्ताचा विचार केला तर हक्क एडगर या मुलाचा होता. तो एडवर्डच्या सावत्र भावाचा नातू. पण वय जेमतेम चौदाच्या आसपास, पाठीशी ना जमीन, ना फौज. हॅरल्डच्या अंगात राजघराण्याचे रक्त नव्हते, मात्र त्याचे बाप गॉडविन यांनी दक्षिणेकडच्या वेसेक्स प्रांताचे अर्ल, म्हणजे सुभेदार, म्हणून एवढी सत्ता जमवली होती की खुद्द राजाची राणी गॉडविनचीच मुलगी होती. एडवर्डच्या अखेरच्या वर्षांत राज्याचा कारभार आणि वेल्सवरच्या मोहिमा हॅरल्डच पाहत असे. मृत्युशय्येवर एडवर्डने राज्य त्याच्या हवाली केले असे इंग्रज बाजू सांगते, विटानने त्याला मान्यता दिली, आणि ६ जानेवारीला, म्हणजे एडवर्डच्या दफनाच्याच दिवशी, त्याला अभिषेकही झाला. ही घाई संशयास्पद वाटते खरी, पण नाताळच्या सणासाठी सगळे सरदार आणि बिशप लंडनला जमलेलेच होते आणि समुद्रापलीकडे दोन शत्रू टपून बसले होते. अशा वेळी गादी रिकामी ठेवणे शहाणपणाचे ठरले नसते.

विल्यमचा दावा नात्यावर कमी आणि वचनावर अधिक उभा होता. एडवर्डची आई एमा ही विल्यमच्या आजोबांची बहीण. डेन्मार्कच्या क्नूटने १०१६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर एडवर्डने जवळपास पंचवीस वर्षे नॉर्मंडीत आजोळच्या आश्रयाने काढली होती. या उपकाराची जाणीव ठेवून त्याने १०५१ च्या सुमारास आपल्याला वारस ठरवले, असे विल्यमचे म्हणणे. त्याला जोड मिळाली ती एका शपथेची. १०६४ च्या आसपास हॅरल्ड इंग्लिश खाडी ओलांडून गेला असता प्रथम नॉर्मंडीशेजारच्या पाँत्यूच्या काउंटच्या तावडीत सापडला, मग विल्यमच्या पाहुणचारात राहिला, आणि तिथे त्याने संतांच्या अस्थींवर हात ठेवून विल्यमशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. शपथ नेमकी कशाची होती आणि ती खुशीने घेतलेली होती की यजमानाच्या इच्छेपुढे दुसरा मार्गच नव्हता, यावर मतभेद आहेत. नॉर्मन लेखकांनी हॅरल्डला शपथ मोडणारा ठरवले आणि ही गोष्ट युरोपभर पोहोचवली. पोप अलेक्झांडर दुसरा याचा पाठिंबा आणि त्याने पाठवलेले निशाण विल्यमला मिळाले, असेही तेच सांगतात. माझ्या मते कायद्याच्या दृष्टीने विल्यमचा दावा पोकळ होता. पण स्वतःच्या मुलखाबाहेर, समुद्र ओलांडून, जिवावरची मोहीम करायला ब्रिटनीपासून फ्लँडर्सपर्यंतचे लढवय्ये जमवायचे, तर लुटीच्या आमिषाला धर्मकार्याचे वस्त्र लागतेच, आणि ते काम या शपथेने चोख केले.

तिसरा दावेदार नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्ड्राडा. तरुणपणी कॉन्स्टँटिनोपलला बायझंटाईन सम्राटाच्या रक्षकदलात लढलेला हा माणूस त्या काळातल्या नामांकित योद्ध्यांपैकी एक होता. त्याच्या आधीचा नॉर्वेचा राजा आणि एडवर्डच्या आधीचा इंग्लंडचा राजा यांच्यात, जो मागे उरेल त्याला दुसऱ्याचे राज्य मिळावे, असा करार झाला होता, हा त्याचा आधार. त्याला इंग्लंडची वाट दाखवणारा होता हॅरल्डचा सख्खा भाऊ टॉस्टिग. उत्तरेकडच्या नॉर्थंब्रियाचा अर्ल असताना त्याच्या जाचक कारभाराविरुद्ध १०६५ मध्ये बंड झाले, बंडखोरांनी मॉर्कार या तरुणाला अर्ल केले आणि हॅरल्डने भावाची बाजू न घेता ती निवड मान्य केली. टॉस्टिग हद्दपार झाला. गॉडविन घराण्याला खरी चीर पडली ती इथे.

एप्रिलच्या अखेरीस आकाशात शेपटीचा तारा दिसू लागला; आज आपण त्याला हॅलेचा धूमकेतू म्हणतो. लोकांनी त्यात अशुभ पाहिले. हॅरल्डपुढचा प्रश्न मात्र अगदी जमिनीवरचा होता. त्याच्याकडे ‘हाउसकार्ल’ नावाचे पदरी बाळगलेले कसलेले सैनिक होते, पण संख्येचा भार ‘फिर्ड’वर असे. फिर्ड म्हणजे जमिनीच्या प्रमाणात गावोगावहून ठरावीक मुदतीसाठी बोलावलेली माणसे, शिधा स्वतःबरोबर आणणारी. ही फौज आणि आरमार घेऊन हॅरल्ड संपूर्ण उन्हाळा दक्षिण किनाऱ्यावर विल्यमची वाट पाहत बसला. विल्यम आला नाही. नॉर्मन लेखक म्हणतात, वारा प्रतिकूल होता. शत्रूची रसद संपण्याची वाट तो मुद्दाम पाहत होता, असाही काही अभ्यासकांचा तर्क आहे. शिधा संपला, सुगीचे दिवस आले, आणि ८ सप्टेंबरला हॅरल्डला फिर्डची माणसे घरी पाठवावी लागली.

त्यानंतर काही दिवसांतच हार्ड्राडा आणि टॉस्टिग सुमारे ३०० जहाजांनिशी हंबर नदीच्या मुखात शिरले. २० सप्टेंबरला यॉर्कजवळ फुलफर्ड येथे त्यांनी मॉर्कार आणि त्याचा भाऊ एडविन या दोन अर्लांचा पराभव केला आणि यॉर्क शरण आले. हॅरल्ड ही खबर येण्याआधीच उत्तरेकडे निघाला असला पाहिजे, कारण लंडनपासून यॉर्कपर्यंतचे सुमारे ३०० किलोमीटर अंतर कापून २५ तारखेला तो स्टॅमफर्ड ब्रिजवर शत्रूसमोर उभा होता. नॉर्वेची माणसे तिथे ओलीस ताब्यात घ्यायला आली होती. उन्हामुळे अनेकांनी चिलखते जहाजांवरच ठेवली होती असे नॉर्स बखरी सांगतात. लढाई भयंकर झाली. हार्ड्राडा पडला, टॉस्टिग पडला, आणि ३०० जहाजांतून आलेल्यांपैकी जे उरले त्यांना परतायला २४ जहाजे पुरली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर दोनअडीचशे वर्षे घोंगावणारे व्हायकिंग स्वाऱ्यांचे मोठे पर्व साधारणपणे या लढाईशी संपले असे मानतात. हॅरल्ड याच्या पुढे महिनाभर जगला असता आणि मग शांतपणे मेला असता, तरी एवढ्या एका विजयावर त्याची गणना मोठ्या सेनानींत झाली असती.

तीन दिवसांनी, २८ सप्टेंबरला, विल्यम दक्षिण किनाऱ्यावर पेव्हेन्सीला उतरला. त्याला अडवायला तिथे कोणीच नव्हते.

पराभवाचे पहिले कारण इथेच आहे. फुलफर्डमध्ये उत्तरेच्या अर्लांची फौज खिळखिळी झाली आणि हेस्टिंग्जला ती जवळजवळ दिसलीच नाही. स्टॅमफर्ड ब्रिजवर हॅरल्डचे स्वतःचे कसलेले हाउसकार्ल मोठ्या संख्येने पडले. उरलेल्यांना घेऊन तो दौडत लंडनला आला, तिथे काही दिवस थांबून मिळतील तेवढी माणसे गोळा केली आणि १३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी हेस्टिंग्जच्या वायव्येला सुमारे दहा किलोमीटरवर येऊन ठेपला. आणखी आठवडाभर थांबला असता तर फौज दुप्पट झाली असती, ही टीका तेव्हापासून आजपर्यंत केली जाते. बाराव्या शतकातल्या वूस्टरच्या बखरीत, निम्मी फौज यायची होती आणि आलेल्यांपैकीही जेमतेम एक तृतीयांश माणसे रांगेत उभी राहिली असताना लढाईला तोंड लागले, असा उल्लेख आहे. पण घाईला कारणे होती. विल्यम ज्या मुलखात जाळपोळ आणि लूट करत होता, तो हॅरल्डच्या घराण्याचा खासगी मुलूख होता. आपल्या कुळांना वाचवू न शकणारा नवा राजा फार दिवस राजा राहत नसे. शिवाय हेस्टिंग्ज तेव्हा दलदलींनी वेढलेल्या जमिनीच्या एका चिंचोळ्या तुकड्यावर होते. तोंडाशी फौज उभी केली की शत्रू कोंडला जातो, मग त्याचा दाणागोटा संपेपर्यंत नुसते थांबले तरी पुरे, हा हिशोब चुकीचा म्हणता येणार नाही. स्टॅमफर्ड ब्रिजवर अचानक गाठण्याची युक्ती यशस्वी झालीच होती. या वेळी मात्र विल्यमच्या हेरांनी आधी खबर दिली, आणि तयारी व्हायच्या आत विल्यमनेच हॅरल्डला गाठले. अँग्लो-सॅक्सन बखर हे स्पष्ट नोंदवते.

सकाळी नऊच्या सुमारास सुरू झालेली लढाई सूर्यास्तापर्यंत चालली. त्या काळातल्या लढाया एकदोन तासांत निकालात निघत, हे लक्षात घेता दिवसभर निकाल न लागणे यातच दोन्ही बाजूंची ताकद जवळपास सारखी होती हे दिसते. आधुनिक अंदाज दोन्हीकडे पाच ते आठ हजार माणसे असावीत असे मानतात. फरक होता रचनेत. इंग्रज टेकडीच्या माथ्यावर ढालीला ढाल भिडवून पायदळ म्हणून उभे होते. पुढच्या फळीत हाउसकार्ल, त्यांच्या हातात दोन्ही हातांनी चालवायची लांब दांड्याची डेनिश कुऱ्हाड, जी घोड्यासकट स्वाराला आडवे करू शके. विल्यमकडे तिरंदाज, पायदळ आणि घोडदळ असे तीन वेगवेगळे अंग होते. डावीकडे ब्रेटन, म्हणजे ब्रिटनीचे लोक, मध्ये नॉर्मन, उजवीकडे फ्रेंच आणि फ्लेमिश. खालून चढाच्या दिशेने सोडलेले बाण ढालींवर आपटत किंवा डोक्यावरून निघून जात, आणि चढ चढून दमलेले घोडे ढालींच्या भिंतीपाशी अडत. जोवर ती भिंत जागच्या जागी उभी होती, तोवर हॅरल्ड हरत नव्हता. जागा न सोडणे हीच त्याची योजना होती.

सकाळच्या एका चढाईत ब्रेटन तुकडी मागे फिरली, विल्यम मेला अशी आवई उठली, आणि विजय मिळाला असे समजून इंग्रजांची एक टोळी टेकडी उतरून पाठलागाला धावली. विल्यमने शिरस्त्राण वर सारून चेहरा दाखवला, माणसे परत वळवली आणि उघड्या मैदानात आलेल्या त्या टोळीला घोडदळाने कापून काढले. पुढे नॉर्मन घोडेस्वारांनी खोटी माघार घेऊन हाच डाव मुद्दाम खेळला, असे नॉर्मन वृत्तांत सांगतात. हजार घोडी एका इशाऱ्यावर पळाल्याचे सोंग करून पुन्हा वळतील का, अशी शंका काही लष्करी अभ्यासक घेतात, पण लहान लहान तुकड्यांनी ते करणे शक्य होते आणि अशी उदाहरणे त्या काळात आहेत. प्रत्येक वेळी भिंतीतली काही माणसे कमी झाली. दमलेल्या फौजेची जागा भरायला मागून कुमक येत नव्हती. विल्यमला मात्र बाण, भाले आणि घोडे यांची पाळी आलटून पालटून लावता येत होती.

हॅरल्ड डोळ्यात बाण लागून मेला ही गोष्ट इतकी रुळली आहे की तिच्यावर थोडे थांबायला हवे. तिचा मुख्य आधार म्हणजे ‘बेयो टॅपेस्ट्री’, लिननच्या कापडावर लोकरी धाग्यांनी भरलेली सुमारे ७० मीटर लांबीची कशिदाकारी. ‘इथे राजा हॅरल्ड मारला गेला’ अशा अर्थाच्या लॅटिन ओळीखाली एक माणूस चेहऱ्याजवळचा बाण धरून उभा आहे, आणि शेजारीच दुसरा घोडेस्वाराच्या तलवारीखाली कोसळतो आहे. यांपैकी हॅरल्ड कोण, की दोघेही तोच, याचा निर्णय होत नाही. त्यात अठराव्या शतकातल्या रेखाटनांत तो बाण आजच्यासारखा दिसत नाही आणि एकोणिसाव्या शतकात कापडाची दुरुस्ती झाली आहे. लढाईच्या अगदी जवळच्या काळातले मानले जाणारे एक लॅटिन काव्य सांगते की शत्रूच्या चार स्वारांनी हॅरल्डला घेरून तोडले. मरण बाणाने आले की तलवारीने, याने निकालात फरक पडत नाही. फरक पडला तो त्याच दिवशी, त्याच टेकडीवर त्याचे दोन भाऊ गर्थ आणि लिओफविन हेही कामी आले याने. टॉस्टिग तीन आठवड्यांपूर्वी गेला होता, आणखी एक भाऊ विल्यमकडे ओलीस होता. हॅरल्डनंतर फौज गोळा करू शकेल असा घराण्यातला प्रत्येक कर्ता पुरुष महिनाभराच्या आत नाहीसा झाला.

आता दुसरा प्रश्न. लढाईनंतर विल्यम सुमारे दोन आठवडे हेस्टिंग्जलाच थांबला. सरदार येऊन शरण जातील अशी त्याची अपेक्षा होती. कोणी आले नाही. उलट लंडनमध्ये उरलेल्या प्रमुखांनी त्या पोरसवदा एडगरलाच राजा म्हणून निवडले. म्हणजे इंग्लंडची प्रतिकाराची इच्छा संपलेली नव्हती. पण विल्यमने लंडनवर थेट चाल केली नाही. डोव्हर आणि कँटरबरी घेत, थेम्सच्या दक्षिणेचा मुलूख उजाड करत, वॉलिंगफर्डला नदी ओलांडून त्याने शहराला वळसा घातला. राजकोष असलेले विंचेस्टर त्याच्या हाती आले. अखेर बर्कहॅमस्टेडला एडगर, एडविन, मॉर्कार आणि बिशप यांनी येऊन त्याच्यापुढे मान तुकवली.

एवढ्या लवकर का, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत पटणारे उत्तर असे की इंग्लंड त्या काळच्या पश्चिम युरोपातले अतिशय सुव्यवस्थित राज्य होते, आणि ही सुव्यवस्थाच त्याच्या मुळावर आली. सगळा मुलूख शायर आणि त्यांच्या खालच्या ‘हंड्रेड’ नावाच्या विभागांत वाटलेला होता; प्रत्येक शायरवर राजाचा शेरीफ, राजाच्या मोहोरेची आज्ञापत्रे त्याच्याकडे जात; गावागावाची जमीन मोजून तिच्यावर ‘गेल्ड’ हा कर बसवलेला होता; ठरावीक काळाने जुनी नाणी मागे घेऊन देशभर नवी पाडली जात. क्नूटने १०१८ मध्ये या यंत्रणेतून ७२,००० पौंड चांदी वसूल केली, लंडनची १०,५०० पौंडांची रक्कम वेगळीच, यावरून तिचा आवाका कळतो. अशा राज्यात माथ्यावरची एक जागा ज्याच्या हाती गेली त्याला खालची सगळी यंत्रणा आयती मिळे. खुद्द क्नूटच्या बाबतीत तसेच झाले होते: १०१६ मध्ये आधी एक लढाई, मग प्रतिस्पर्धी राजाचा मृत्यू, आणि काही आठवड्यांत सगळे राज्य. पन्नास वर्षांत दोनदा परकीयाने ही गादी घेतली, हा योगायोग नसावा.

याची उलट बाजू वेल्समध्ये दिसते. नॉर्मन सरदारांनी तिथे पाय रोवायला लगेच सुरुवात केली, पण वेल्सला एकच गादी नव्हती, एकच कोष नव्हता, एकाच हाताखालचे शेरीफ नव्हते. एका राजपुत्राला हरवले तरी डोंगरापलीकडे दुसरा उभा असे. वेल्सचा बंदोबस्त पुरा व्हायला १२८० चे दशक उजाडावे लागले.

अर्थात गादी मिळाली म्हणजे देश शांत झाला असे नव्हते, आणि इथे हेस्टिंग्जची दंतकथा थोडी फसवते. अभिषेकाच्याच दिवशी ॲबीतल्या जयघोषाला दंगल समजून बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांनी आसपासची घरे पेटवली. १०६८ मध्ये एक्झेटरने बंड केले, १०६९ मध्ये डेन्मार्कच्या आरमाराच्या साथीने उत्तर पेटली, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात विल्यमने यॉर्कशायर आणि आसपासच्या मुलखात धान्य, गुरे, अवजारे जाळून इतका दुष्काळ पाडला की सोळासतरा वर्षांनंतरच्या सरकारी नोंदींतही तिथली गावे ओसाड म्हणून लिहिली गेली. प्रत्येक बंडानंतर जमिनी जप्त झाल्या, मातीच्या उंचवट्यावर लाकडी किल्ले उभे राहिले, आणि जप्त जमीन खाडीपलीकडून आलेल्यांना मिळाली. बंडे होत राहिली, पण ती एका झेंड्याखाली आली नाहीत, कारण झेंडा धरणारे घराणेच उरले नव्हते.

१०८५ च्या नाताळात, डेन्मार्कच्या स्वारीची धास्ती असताना, ग्लॉस्टरला विल्यमने सगळ्या राज्याच्या जमिनीची मोजदाद करण्याचे ठरवले. राजा एडवर्डच्या काळी ही जमीन कोणाकडे होती, आता कोणाकडे आहे, नांगर किती, गिरण्या किती, उत्पन्न किती, असे प्रश्न घेऊन अधिकारी शायरोशायरी फिरले आणि हंड्रेडच्या पंचांकडून शपथेवर उत्तरे घेतली. म्हणजे इंग्रज राजांनी उभी केलेली यंत्रणाच नव्या मालकांसाठी राबली. १३,००० हून अधिक गावांची ही नोंद, ‘डूम्सडे बुक’, आजही लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. राजाकडून थेट मोठी जहागीर असलेले इंग्रज तिच्यात दोनच सापडतात. हक्काचा वाद आला की हिशोब लागतो तो एडवर्ड ज्या दिवशी मरण पावला त्या दिवसापासून, आणि जवळजवळ सर्वत्र हॅरल्डच्या नावामागे राजा ही पदवी नाही. तो तिथे ‘अर्ल हॅरल्ड’ आहे.